लाभाची बाटली

१

खाडीत जाऊन चिखल तुडव, असं निरीत आपटेकरला कुणी सांगितलं नव्हतं. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला पर्यावरणशास्त्राच्या वर्गात बारा जण होते. त्यातल्या अकरांनी शहाण्यासारखं कॅन्टीनचं सांडपाणी, मागच्या आवारातला कचरा, छपरावरचं पावसाचं पाणी असले विषय घेतले. ते मागच्या वर्षीच्या मुलांनीही घेतले होते आणि त्यांचे आकडे तयार मिळत होते. हिला मात्र स्वतःचं काहीतरी हवं होतं. फॉर्मवर 'स्वतंत्र संशोधन' अशी एक चौकट होती, तिच्यावर कित्येक वर्षांत कुणी खूण केली नव्हती. हिने केली. तिच्या गाइड भाविका मॅडम म्हणाल्या, "कर बाई. पण बुडालीस तर मी काठावरच असेन, हे आत्ताच सांगून ठेवते."

विषय होता पनवेलच्या खाडीतलं पाणी जिवंत आहे की मेलेलं. जानेवारीपासून आठ गुरुवार, सुकतीच्या, म्हणजे पूर्ण ओहोटीच्या वेळेला, आठ ठिकाणचं पाणी आणायचं. गुरुवारच का, तर शुक्रवारी दुपारपर्यंत प्रयोगशाळेचं काम उरकायचं आणि शनिवारचा शब्बाथ मोडायचा नाही. आई मिल्का आणि भाऊ येहुदा तीन वर्षांपूर्वी इस्रायलला निघून गेले. रोडपालीच्या फ्लॅटमध्ये ही एकटी उरली, आणि आईचं एवढं एकच ती अजून पाळत होती. आई फोनवर दर आठवड्याला विचारायची, "झालं का तुझं पाणी मोजून? ये आता निघून." ही म्हणायची, "डिग्री हातात आल्याशिवाय मी हलत नाही."

प्रयोगशाळेतला धर्मराज रजिस्टरवर तिची सही घेऊन काचेच्या बुचाच्या आठ बाटल्या मोजून द्यायचा. लाकडी खोक्याला नऊ खण होते. आठांत बाटल्या, नवव्यात पिपेट आणि पुसायचं फडकं. काशिराम कोळी तिला होडीतून न्यायचा. सत्तरीचा म्हातारा, अंगाने काटक, बोलायला गोड. बाटली तिरपी धरून हळूच पाण्यात सोडायची, बुडबुडा येऊ द्यायचा नाही, हे तिने त्याला पहिल्याच दिवशी शिकवलं. बुडबुडा आला की हवा शिरली, आणि हवा शिरली की आकडा खोटा. भरलेली बाटली तो तिच्या हातात द्यायचा, ही वही सांभाळत पिपेटने त्यात दोन औषधं सोडायची आणि बूच लावायची. पाण्यात प्राणवायू असला तर तळाला तपकिरी साका बसतो. नसला तर पांढरा.

पहिल्या गुरुवारी पहिली बाटली भरून काशिराम म्हणाला, "लाभ," आणि ती परत खाडीत ओतायला निघाला.

"अहो काका, सांडू नका! सॅम्पल आहे ते."

"पैला नग आपला नसतो, बाय. खाडीचा असतो."

"ते माशांचं असेल. हे माझं आहे. द्या इकडे."

काशिराम क्षणभर बाटली हातात धरून उभा राहिला. मग त्याने ती दिली, हात लुंगीला पुसला आणि पुढच्या बाटलीला "दोन" म्हणाला.

खोका प्रयोगशाळेत उघडला तेव्हा धर्मराजने नेहमीप्रमाणे बोट ठेवत मोजलं. पुन्हा मोजलं. "ताई, आठ नेल्या होत्या ना? नऊ आल्यात."

नवव्या खणातली बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. पिपेट आणि फडकं निरीतच्या पिशवीत होतं, फडक्याची नीट घडी घातलेली. आठ बाटल्यांच्या तळाला पांढरं होतं, चुन्यासारखं. नववीच्या तळाला तपकिरी.

२

आता विज्ञान शिकलेल्या मुलीने काय करावं? तिने कारण शोधलं, आणि सापडलंही.

कारण धर्मराजनेच दिलं. "कोळी माणूस एक म्हणत नाही, ताई. आमच्या गावाकडे धान्य मापतानाही पहिल्या मापाला लाभ म्हणतात, मग दोन, तीन. त्याने एक भरली लाभाची, एक भरली नंबराची. तुम्ही नंबर तेवढे लिहिले."

निरीतला हे फार पटलं. तिने वहीत लिहूनही टाकलं, 'मोजणीतली चूक, स्थानिक पद्धत'. मग तिला सुचलं की भरायला बाटली तर हवी.

"तुम्ही मला दिल्या किती?"

"आठ." धर्मराजचा चेहरा पडला. बावीस वर्षांत त्याच्या हातून एक टेस्ट ट्यूब इकडची तिकडे झाली नव्हती. "नऊ दिल्या असतील मी," तो शेवटी म्हणाला. ते म्हणताना त्याला किती लागलं हे तिला दिसत होतं, पण तिने ते कबूल करून घेतलं. त्याने रजिस्टरला 'परत नऊ' अशी नोंद केली. खोटं तो लिहिणार नव्हता.

नवव्या बाटलीचा प्राणवायूचा आकडा आला सात पूर्णांक दोन. बाकीच्या आठांचा अर्ध्याच्या आत. सात पूर्णांक दोन हा काय आकडा आहे या खाडीत? असलं पाणी इथे पाहिलं असेल तर कुणाच्या आजोबांनी पाहिलं असेल.

दुसऱ्या गुरुवारी तिने काशिरामला नवव्या बाटलीच्या तपकिरी तळाचा फोटो दाखवला. त्या दिवशी तिने बाटल्या निघताना मोजल्या, होडीत बसताना मोजल्या, धक्क्यावर उतरताना खोक्याचं झाकण न उघडता नुसतं घट्ट धरून ठेवलं. कॉलेजात नऊ निघाल्या. तिसऱ्या गुरुवारी तिने नवव्या खणात मुद्दाम विटेचा तुकडा कोंबला. तो तुकडाही पिशवीत मिळाला, फडक्यात गुंडाळलेला. म्हणजे काढताना कुणाला घाई नव्हती.

ती वैतागली. घाबरली असं ती स्वतःशीसुद्धा म्हणाली नाही. तिला राग आला होता, आणि राग आकड्यांचा होता. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावावर एक गोष्ट करायला घेतली, तर तीही धड होऊ नये?

३

एव्हाना ही गोष्ट तिच्या एकटीची राहिली नव्हती. खाडीत एका रंगाच्या कारखान्याचा पाइप होता आणि कारखान्याला दुसरा टाकायचा होता. त्यासाठी मार्चच्या शेवटी जनसुनावणी लागली. पाणी मेलेलं आहे असं आकड्यांनी सिद्ध झालं तर दुसरा पाइप अडणार होता. कारखान्याकडे आकड्यांची जाडजूड फाइल होती. कोळीवाड्याकडे कोण? तर ही एम.एस्सी.ची पोरगी आणि तिच्या आठ बाटल्या. काशिरामने पहिल्याच दिवशी तिच्याकडे तेवढंच मागितलं होतं. "मेलंय ते मेलंय लिवा, बाय. आमी सांगतो त्ये कोन लिवून घेत नाय."

चौथ्या गुरुवारी ती चहाला त्याच्या घरी गेली. दोन खोल्या, स्वच्छ सारवलेलं अंगण, आणि अंगणात दोरीवर ताणून घातलेलं जुनं जाळं. काशिराम खाली बसून त्याची भोकं शिवत होता आणि गुणगुणत होता.

त्याची बायको गोदूबाई चहा घेऊन आली आणि निरीतच्या समोर कप आपटूनच ठेवला. "सात वर्सं माल्यावर व्हतं त्ये जालं. तुझ्या बाटलीनं खाली आनलं."

"मी काय केलं, काकी?"

"तू त्याला तांबडा रंग दाकवलास. तवापासून म्हातारा नादावलाय. म्हनतो, खाली कुटं तरी जितं पानी हाय, जाल्यात जिताडा येईल. राती उठून बसतो न् हसतो."

काशिराम सुईवरची नजर न काढता म्हणाला, "हाय म्हंजे हाय. नायतर देतं कोन?"

"देतं कोन म्हणजे?" निरीतने विचारलं.

"आपन त्याचा लाभ ठेवून घेतला. मंग त्ये देतंय आता." शेजारी कुणी वाटीभर कालवण देतं म्हणून सांगावं, इतक्या सहज तो बोलला. गोदूबाईने पदर तोंडाला लावला आणि ती आत निघून गेली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला, रागाने घासलेल्या भांड्यांचा.

निरीतला त्या घरात बसवेना. तिने चहा अर्धा टाकला आणि ती उठली.

४

सहाव्या गुरुवारी सुकती दुपारी साडेबाराला होती. ऊन असं की पाण्याकडे बघवत नव्हतं. तिवरांच्या मुळांवर काळा तवंग चढलेला, आणि वास तर विचारू नका. त्या दिवशी तिने ठरवलं होतं की आज वहीत बघायचं नाही, म्हाताऱ्याच्या हातांकडे बघायचं. तो हातचलाखी करत असेल तर आज पकडायची. तो करत असावा अशी तिची मनापासून इच्छा होती.

पण सवय वाईट. पहिल्या ठिकाणी होडी थांबली, तिने वेळ लिहायला वही उघडली, आणि लिहिता लिहिताच डावा हात पुढे केला. हातात भरलेली गार बाटली आली. "लाभ," मागून काशिराम म्हणाला. तिने वही मांडीवर ठेवली, पिपेट घेतली, दोन औषधं सोडली. पांढऱ्याऐवजी तपकिरी ढग उठून सावकाश खाली बसायला लागला. तेव्हा तिला कळलं की इतके गुरुवार ही नववी बाटली आपणच घेतली, आपणच औषध घालून बूच लावलं आणि आपणच खणात ठेवली. हातात आलेली बाटली तिचा हात घेत होता, बस्स. मोजायला ती सुरुवात करायची ती त्यानंतर.

तिने वर पाहिलं. काशिराम मागच्या टोकाला उभा होता, होडी चिखलात रुतू नये म्हणून बांबू रेटत. त्याचे दोन्ही हात बांबूवर होते. त्याच्यात आणि तिच्यात सहा-सात हातांचं अंतर होतं.

मग तिने बाजूला पाहिलं. होडीच्या कडेला, जिथे तिचा हात पुढे झाला होता तिथेच, पाण्याबाहेर चार बोटं होती. दिवसभर धुण्यात बुडालेल्या हातासारखी पांढरी, सुरकुतलेली. ती बोटं कडा पकडत नव्हती, काही मागत नव्हती. भरलेलं काही दुसऱ्याच्या हाती दिल्यावर सांडत नाही ना म्हणून हात जसा थोडा वेळ तसाच राहतो, तशी ती राहिली होती. नंतर ती आत गेली, तिरपी, हळू. पाण्यावर एक बुडबुडा आला नाही.

असं कुणाला शिकवलं होतं तिने? एकालाच शिकवलं होतं आणि तो बांबू धरून उभा होता.

"काका," ती म्हणाली. "कोण होतं?"

"कंदी?"

"आत्ता. इथे."

काशिरामने पाण्याकडे पाहिलं आणि त्याचा सगळा चेहरा हसला. "दिसलं तुला?" तो म्हणाला. "मला येकदा पन दिसलं नाय, बाय."

उरलेली सात ठिकाणं तिने त्या दिवशी कशी केली ते तिला आठवत नाही. नंबर मात्र बरोबर लिहिलेले आहेत.

५

भाविका मॅडमना तिने बोटांचं सांगितलं नाही. नववी बाटली कुठून येते ते कळत नाही, एवढंच सांगितलं.

"काढून टाक मग," मॅडम म्हणाल्या.

"पण ती येते, मॅडम. दर आठवड्याला येते."

"मग ठेव. ठेवलीस तर कुठलं पाणी ते सांगावं लागेल. नाही सांगता आलं तर अख्खा प्रबंध गेला. स्वतंत्र हवं होतं ना तुला? हे बघ स्वातंत्र्य."

तिने काढून टाकली. प्रबंधात आठ बाटल्या, आठ गुरुवार, चौसष्ट आकडे, सगळे मेलेले. रात्री झोप लागायची नाही, पण आकडे खरे होते हे तिला ठाऊक होतं. बाकीच्या दोन गुरुवारीही नववी आली. तिने तोंड दुसरीकडे करून हात पुढे केला होता. हात पुढे न करण्याचा धीर तिला झाला नाही, कारण मग ती बोटं किती वर येतील याचा विचार तिच्या मनात आला.

सुनावणी कोळीवाड्याच्या शाळेच्या पटांगणात होती. मांडव, पंखे, पाण्याचे जार, आणि टेबलामागे तीन अधिकारी. निरीतने आपले आकडे वाचले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोदूबाईनेही वाजवल्या. मग कारखान्याचा सल्लागार उठला. पोरगाच होता, इस्त्रीचा शर्ट, अत्यंत नम्र. त्याच्या हातात कॉलेजच्या रजिस्टरची झेरॉक्स होती. धर्मराजकडे मागितली, त्याने दिली. न द्यायला त्याला कारण काय?

"मॅडम आठ बाटल्या म्हणतात. रजिस्टरला दर आठवड्याला नऊ परत आल्यात. काशिरामजी, होडी तुमची. तुम्ही सांगा, बाटल्या किती?"

काशिराम उभा राहिला. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. "आठ."

"आणि नववी?"

"ती मोजाची नसते. तो लाभ."

"म्हणजे लाभ होतो?"

"व्हतो तर. दर बेस्तरवारी व्हतो." तो सगळ्यांकडे वळला. सात वर्षांत त्याचं म्हणणं ऐकायला इतकी माणसं कधी जमली नव्हती. "पानी जितं हाय. मी डोल्यांनी बगितलं, त्यात तांबडा रंग येतो. हिनंच दाकवलं. मेलं मेलं म्हनता, मेलेलं पानी असा लाभ देईल का?"

कारकून भराभर लिहीत होता. लिहून झाल्यावर अध्यक्षांनी इतिवृत्तातलं वाक्य माइकवर वाचलं, थंडपणे, पोस्टातल्या सूचनेसारखं. "खाडीतील पाणी जिवंत असून त्यापासून लाभ होत असल्याचे स्थानिक ज्येष्ठ मच्छीमारांनी मान्य केले."

"तसं नाही म्हणाले ते," निरीत उठली. "लाभ म्हणजे तो लाभ नाही, साहेब. लाभ म्हणजे एक."

"शब्द त्यांचाच आहे ना?"

"शब्द त्यांचाच आहे."

"मग नववी बाटली कुठली, तुम्ही सांगा."

तिला चार बोटं सांगता आली असती. तिने पटांगणाकडे पाहिलं. दोनशे माणसं तिच्याकडे बघत होती, आणि त्यांना एकच गोष्ट हवी होती, की ती बाटली खाडीची नाही असं कुणीतरी म्हणावं. डिग्री जाईल हे तिला लख्ख दिसत होतं. आईचा चेहराही दिसला. तरी ती बोलली.

"ती खाडीची नाही. आठही आठवडे ती मी घरून भरून आणली. रोडपालीहून."

"का?"

"आकडे बरे दिसावेत म्हणून."

सल्लागार वाईट वाटल्यासारखा मान हलवत बसला. अध्यक्ष शेजाऱ्यांशी दोन मिनिटं कुजबुजले. मग निर्णय सांगितला. विद्यार्थिनीने नमुन्यांत फेरफार केल्याची कबुली दिली, सबब तिचे सर्व आकडे, आठच्या आठ बाटल्यांसह, ग्राह्य धरता येत नाहीत. मच्छीमाराचं निवेदन नोंदीत राहील.

म्हणजे सगळंच गेलं. खरं होतं तेही गेलं आणि जे नको होतं तेवढंच कागदावर राहिलं.

काशिराम तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "घरून आनलीस?" त्याचे डोळे भरले होते. "तुला दिसलं व्हतं, बाय. तू सोता बगितलंस. मंग अशी कशी बोललीस?" गोदूबाईने त्याला दंडाला धरून नेलं, आणि जाता जाता निरीतकडे न बघता म्हणाली, "दोगांनी मिलून बुडवलं आमाला."

६

ती घरी आली तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. रिक्षातच भाविका मॅडमचा मेसेज आला होता, 'उद्या कॉलेजला येऊ नकोस. कमिटी बसतेय.' तिने तो दोनदा वाचला आणि फोन पिशवीत टाकला. रडायला येईल असं वाटत होतं, तेही येईना. असल्या खोट्याचं तरी काय समाधान, जे बोलून कुणाचंच भलं झालं नाही? आईला काय सांगायचं याची वाक्यं ती जिना चढताना जुळवत होती.

कुलूप तिनेच लावलं होतं तसंच होतं. तिने दार उघडलं आणि चपला काढल्या. फ्लॅटमध्ये खाडीचा वास नव्हता. उलट फार छान वास येत होता, पहाटे विहिरीच्या काठाला येतो तसला, गार. सोसायटीचं पाणी सकाळी सहाला येऊन सातला जातं. संध्याकाळी येतच नाही. तिने स्वयंपाकघराचा नळ फिरवून पाहिला. कोरडा होता.

ओट्यावर ओली वर्तुळं होती. ओळीने, सारख्या अंतरावर, एकेका बाटलीच्या बुडाएवढी. काहीतरी भरून तिथे मांडून ठेवलं होतं आणि नुकतंच उचललं होतं. तिने बोट ठेवून मोजली. एक, दोन, तीन असंच मोजलं. आठ भरली, आठ गुरुवारांइतकी. शेवटचं अजून थेंबाने फुगलेलं होतं, वाळायला लागलंसुद्धा नव्हतं.

ओट्यापासून न्हाणीघरापर्यंत फरशी ओली होती. न्हाणीघराचं दार तिने ढकललं. आतून कडी होती.

ती दाराला कान लावून उभी राहिली. आत पाण्याचा आवाज येत नव्हता. नीट भरलेल्या बाटलीचा आवाज येतच नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? मग दाराखालच्या फटीतून प्रकाशाची एक रेघ दिसत होती ती मधे तुटली, आणि कुणीतरी पलीकडे अगदी जवळ येऊन, तिच्यासारखंच, थांबलं. निरीतला मांडवातलं आपलं वाक्य आठवलं, शब्द न् शब्द. तिथे आपण खोटं बोललोच नव्हतो, नववी बाटली याच घरून भरून जात होती, हे तिला आत्ता कळलं. आतली कडी सरकायला लागली.